शनिवार-रविवारचं घर

आमची शाळा शनिवारी सकाळची असते. साडेअकराला घंटा झाली की बाकीचे शिक्षक घराकडे वळतात आणि मी भोरच्या रस्त्याला लागते. गेल्या दिवाळीपासून हा नेम आहे. कात्रजचा बोगदा, कापूरहोळचा फाटा, मग भोर, आणि तिथून नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने वरंधा घाटाच्या दिशेने पुढे. या भागाला हिरडस मावळ म्हणतात. इथल्या एका वाडीत, डोंगराच्या सोंडेवर, आमचं घर पूर्ण होत आलं आहे. वाटेत भोरला हार्डवेअरच्या दुकानात थांबायचं, खिळे-स्क्रू-बिजागऱ्या घ्यायच्या, पोहोचेपर्यंत तीन वाजतात. रविवारी संध्याकाळी सहाला परत निघायचं. हातात सत्तावीस तास, त्यातून झोप वजा करा.

पुण्यातून लोक डोंगरात घर बांधतात ते बहुधा सुट्टीसाठी. आमचं तसं नाही. आम्ही तिथे राहायलाच चाललो आहोत. सासूबाई त्या वाडीत एकट्या राहतात. जुनं घर दगड-मातीचं. मागच्या पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली. त्यांना पुण्याला आणून पाहिलं, तर दीड महिन्यात त्या म्हणाल्या, "इथं मी दिवसभर कुणाशी बोलू? भिंतींशी?" शेवटी नवऱ्याने घरून काम करायची परवानगी मिळवली, आमच्या संस्थेची एक शाखा त्याच तालुक्यात आहे तिथे मी बदली मागितली, आणि जूनपासून ती मंजूर झाली. सगळ्यांचं जुळलं. जुळलं नाही ते फक्त आमच्या लेकीचं. ती सहावीत आहे. तिने स्पष्ट सांगितलं, "तुमचं घर तुम्ही बांधा. मला यात घेऊ नका."

पहिले चार-पाच शनिवार ती गाडीत कानात इअरफोन घालून बसायची आणि तिथे पोहोचल्यावर जुन्या घराच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची. मी काही बोलले नाही. वर्गात रुसलेलं मूल आणि घरातलं रुसलेलं मूल यांत फारसा फरक नसतो; दोघांनाही समजूत घालणारं माणूस सगळ्यात नकोसं वाटतं.

तिला ओट्यावरून उठवलं ते कौलांनी.

नव्या घराच्या भिंती आणि छपराचा लोखंडी सांगाडा दिवाळीपर्यंत झाला होता. वर कौलं घालायची होती. जुनं घर उतरवलं तेव्हा साडेनऊशे मंगलोरी कौलं निघाली होती. त्यातली चांगली कोणती आणि तडकलेली कोणती हे डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रींनी एक कौल डाव्या हातावर तोललं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली. खण्ण. दुसरं घेतलं. भद्द. "हे गेलेलं," म्हणाले आणि बाजूला ठेवलं. बारीक तडा असला की कंपनं तिथे अडतात, आवाज फुटका येतो. माठ घेताना आपण हेच करतो. लेक ओट्यावरून बघत होती. थोड्या वेळाने ती मिस्त्रींच्या शेजारी उकिडवी बसली होती आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच होती. दोन रविवार लागले. साडेनऊशेपैकी सातशे बारा पास झाली. हिशोब तिनेच ठेवला, कोळशाने ओट्यावर पाच-पाचच्या रेघा मारून.

आता खरं गणित. घर आतून-बाहेरून धरून सहा मीटर रुंद आणि नऊ मीटर लांब. चारी बाजूंनी ०.६ मीटर वळचण बाहेर, म्हणजे वरून पाहिलं तर छप्पर ७.२ बाय १०.२ मीटर. मध्ये आढं, दोन बाजूंना दोन पाखी. पाख्याची पायथ्याची रुंदी ३.६ मीटर, आढ्याची उंची त्या पातळीपासून २.१ मीटर. मग पाख्याची तिरकी लांबी किती? दहावीच्या मुलांना मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर विचारत आले आहे, शिडी आणि भिंतीच्या उदाहरणात. ३.६ चा वर्ग १२.९६, २.१ चा वर्ग ४.४१, बेरीज १७.३७, वर्गमूळ जवळपास ४.१७. एका पाख्याचं क्षेत्रफळ साडेबेचाळीस चौरस मीटर. एका चौरस मीटरला ही कौलं साधारण १५-१६ लागतात. सोळाने धरलं तर एका पाख्याला ६८०.

सहावीतल्या मुलीला वर्गमूळ येत नाही, पण तिने एवढं पाहिलं की चांगली जुनी कौलं ७१२ आहेत आणि एका पाख्याला ६८० लागतात. म्हणजे एक अख्खं पाखं जुन्या कौलांचं होतं आणि वर बत्तीस उरतात! वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत, म्हणून जुनी-नवी मिसळायची नव्हतीच. प्रश्न उरला, जुनी कोणत्या बाजूला? या भागात पाऊस पश्चिमेकडून येतो, झड तिकडून मारते, म्हणून मिस्त्रींनी नवी कौलं पश्चिमेला सांगितली. पूर्वेचं पाखं अंगणावर येतं. सासूबाई संध्याकाळी अंगणातच बसतात. लेक त्यांना म्हणाली, "आजी, तुला तुझीच कौलं दिसणार." सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. नुसत्या वर बघत राहिल्या. छप्पर तेव्हा नुसतं लोखंडी होतं, दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

इथे थोडं आपल्या शाळांबद्दल बोलते, कारण शिक्षक आणि पालक दोघंही वाचणार आहेत. 'प्रकल्प' हा शब्द आपण पार झिजवून टाकला आहे. रविवारी रात्री नऊ वाजता आई स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोल शोधते, बाबा कात्रीने कापतात, मूल पेंगत बाजूला बसतं आणि सोमवारी मी वहीवर सही करते. त्या पावसाच्या पाण्याच्या प्रतिकृतीतून कधी पाणी वाहिलेलं मी पाहिलं नाही. काम खोटं आहे हे मुलाला पहिल्या मिनिटाला कळतं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवायची कल्पना मांडली. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं बांधकाम, वेल्डिंग, शेती करता करता शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, सुतार-माळी-कुंभाराकडे जाऊन शिकायला. कागदावर सगळं आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या दहा दिवसांत मुलाच्या हातात असं काम द्या जे चुकलं तर कुणाच्या तरी घरात पाणी गळेल. सुताराकडे जाऊन फोटो काढून आलो, तर तो अकरावा दप्तराचा दिवसच.

जानेवारीत गिलावा झाला, आणि आमच्या शनिवार-रविवारच्या घराची खरी अडचण समोर आली. गिलाव्याला पाणी मारायचं कुणी?

सिमेंट 'वाळून' घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं. ते वाळत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. ही क्रिया पहिल्या काही दिवसांत जोरात चालते. मध्येच पाणी उडून गेलं तर क्रिया अर्धवट राहते, पृष्ठभागाची पूड सुटते, तडे जातात. आयएस ४५६ या भारतीय मानकात काँक्रीट साध्या सिमेंटचं असेल तर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचं असेल तर दहा दिवस ओलं ठेवायला सांगितलं आहे. आम्ही तिथे आठवड्यातले दोन दिवसही पुरते नसतो. म्हणजे घर पक्कं होण्याचं जे मुख्य काम, ते सोमवार ते शुक्रवार होणार, आम्ही नसताना. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना बादली उचलवत नाही.

शेजारच्या मावशींनी ते काम अंगावर घेतलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवस कलताना एकदा. भिंतींना गोणपाट लावून ते भिजवायचं, नंतर जमिनीच्या कोब्यावर मातीचे वाफे करून त्यात पाणी साठवून ठेवायचं. डोंगरावर जानेवारीतच पाणी जपून वापरायला लागतं, तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही. पंधरा दिवसांनी नवऱ्याने पैसे पुढे केले. मावशी चिडल्या. "पाणी मारायचे पैसे घेतात का? उद्या तुमच्या हातनं पाणी मागितलं तर तुम्ही बिल देणार का?" मग आवाज उतरवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, पोरगं दहावीला आहे. गणितात गटांगळ्या खातंय. बघा तेवढं जमलं तर."

अशा रीतीने नव्या घराचा पहिला वापर शाळा म्हणून झाला. दर शनिवारी रात्री आठला, गिलाव्याचा ओला वास येणाऱ्या पडवीत, एका लोंबत्या बल्बखाली. पहिल्या दिवशी मावशींचा मुलगा एकटा आला. पुढच्या शनिवारी त्याच्याबरोबर दोन मुली आल्या, टॉर्च घेऊन, पलीकडच्या वाडीतून. फळा नव्हता. दाराचं प्लायवूड भिंतीला टेकवून त्यावर खडूने लिहायचो. भूमितीच्या पुस्तकातलं पायथागोरसचं प्रकरण काढलं तेव्हा मी त्यांना पुस्तक मिटायला लावलं आणि मिस्त्रींची दोरी हातात दिली. खोलीचा कोपरा काटकोनात आहे का, तपासा. एका भिंतीवर कोपऱ्यापासून सहा फुटांवर खूण, दुसरीवर आठ फुटांवर, दोन खुणांमध्ये दोरी. दहा फूट भरली तर काटकोन. मावशींचा मुलगा म्हणाला, "हे तर माझे चुलते करतात. हे पायथागोरस आहे?" बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी हाच नियम दिलेला आहे, हे त्याला सांगितलं. पण त्याला त्या बौधायनापेक्षा आपले चुलते बरोबर निघाले याचं कौतुक जास्त होतं. तेही ठीकच आहे.

परीक्षा मार्चमध्ये झाली. निकाल अजून लागायचा आहे. त्याच्या निकालाची जेवढी धाकधूक मला आहे तेवढी इथल्या वर्गातल्या चाळीस जणांची मिळून नाही, हे खरं सांगते. जूनमध्ये त्या गावात मी 'नवीन मॅडम' म्हणून जाणार आणि लोक मला या एका मुलाच्या मार्कांवरून ओळखणार.

फेब्रुवारीचा एक अख्खा रविवार गवत कापण्यात गेला. या दिवसांत डोंगर वाळून पिवळा पडतो आणि वणवे लागतात. घराभोवती पंधरा-वीस फुटांचा पट्टा मोकळा केला, वाळका पाला लांब नेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त हात सोलपटले.

मार्चमध्ये खिडक्या आल्या. लेकीच्या खोलीची खिडकी चार फूट रुंद, तीन फूट उंच. समोर धरणाचं पाणी दिसतं. ही खोली आपली आहे हे तिने तोवर कुणाला न सांगता मान्य केलं होतं. म्हणजे तिथे ती चप्पल काढून जायला लागली होती. चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली, सुतार बसवायच्या तयारीत, आणि ही बाई टेप घेऊन कर्ण मोजायला बसली. शनिवारच्या वर्गात ती एका कोपऱ्यात ऐकत असायची हे मला माहीत होतं. किती ऐकत होती ते त्या दिवशी कळलं. तीन आणि चारचा कर्ण पाच फूट यायला हवा. एक कर्ण पाच फूट आणि वर पाऊण इंच भरला. दुसरा पाच फुटांना पाऊण इंच कमी. चारी बाजू बरोबर, पण चौकट कलंडलेली. सुतार आधी हसला. मग त्याने आपल्या टेपने मोजलं, गप्प झाला आणि चौकट परत घेऊन गेला. पुढच्या शनिवारी सरळ करून आणली. जाताना मला म्हणाला, "पोरीला जरा लांब ठेवत जा हो कामापासून." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक आमच्या घरात आजवर कुणाला मिळालेलं नाही.

एप्रिलचं काम पन्हळ आणि टाकी. पावसाळ्यात इथे पाणीच पाणी आणि उन्हाळ्यात झऱ्यावर रांग, ही डोंगरातल्या सगळ्याच गावांची गोष्ट. म्हणून छपराच्या दोन्ही बाजूंना पन्हळी लावून पाणी पाच हजार लिटरच्या टाकीत घ्यायचं ठरलं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. ही इतकी सोपी गोष्ट आपल्या पुस्तकांत ठळक अक्षरांत का नाही, मला कळत नाही. लेकीने लगेच ८५ ने गुणलं, कारण कौलं मोजताना दोन्ही पाख्यांचं क्षेत्रफळ ८५ चौरस मीटर आलं होतं. मी तिला कौलांचा एक तुकडा उन्हात धरायला सांगितला. आडवा, मग तिरका, मग उभा. सावली लहान लहान होत गेली. डोक्यावर ऊन होतं, ते सरळ पडणाऱ्या पावसासारखंच. ती सावलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे कौलं विकत घेताना छप्पर ८५, पण पावसासाठी ७३?" हो. ७.२ गुणिले १०.२, म्हणजे ७३.४४. एकाच छपराची दोन क्षेत्रफळं, कोण विचारतंय त्यावर. मी अठरा वर्षं क्षेत्रफळ शिकवते आहे; हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

शंभर मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे सात हजार लिटरच्या वर. थोडं उडून, सांडून गेलं तरी टाकी एका दिवसात भरून वाहायला हवी. टाकीत पाणी किती आहे ते बाहेरून दिसावं म्हणून लेकीने मिस्त्रींकडून लेव्हलच्या पारदर्शक नळीचा उरलेला तुकडा मागून घेतला. मिस्त्री त्या नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, मध्ये बुडबुडा नसला की झालं. तिने तीच नळी टाकीच्या तळाच्या तोटीला जोडून बाहेरून उभी बांधली. टाकीतली पातळी नळीत दिसते. तळाशी लाल रंगाची एक खूण केली आणि आजीला वाचायला शिकवलं.

इकडे पुण्यात आवराआवर चालू आहे. शाळा सोडल्याचा दाखला, सरल पोर्टलवरची विनंती, गॅसची नोंदणी, घरमालकाची नोटीस, हे सगळं आठवड्याच्या दिवसांत. पुस्तकांची चौदा खोकी झाली. कपाट गेलं, सोफा गेला. लेकीने तिच्या मैत्रिणींची पत्रं, भेटकार्डं, एक तुटकं बॅडमिंटनचं रॅकेट एका खोक्यात भरून वर स्वतःच चिकटपट्टी मारली. त्यावर तिने 'घरचं' असं लिहिलं आहे. कुठल्या घरचं, ते मी विचारलेलं नाही. परवाही ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आम्ही गावी चाललोय आणि मग मी घरी येईन ना दिवाळीला." ती रात्री कधी कधी रडते. ते खिडकीने थांबलेलं नाही.

मागच्या बुधवारी रात्री साडेआठला सासूबाईंचा फोन आला. तिकडे वळवाचा पाऊस झाला होता, अर्धा तास, गारांसकट. पूर्वेच्या पाख्यातून एक थेंब गळला नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "पोरीला दे फोन. तिला सांगायचंय, त्या नळीत पाणी आलंय. लाल खुणेपासून वर दीड वीत."

लेक वही घेऊन बसली. टाकीची रुंदी तिला माहीत होती, १.८ मीटर, तळाचं क्षेत्रफळ मी काढून दिलं, साधारण अडीच चौरस मीटर. ते गुणिले उंची म्हणजे पाणी, भागिले ७३ म्हणजे पाऊस. पेन्सिल थांबली.

"आजी, तुझी वीत किती सेंटिमीटरची आहे?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "आता ते मला काय माहीत?"

"ओट्यावर माझी पट्टी आहे बघ, खिडकीपाशी. मोज. मी फोन चालू ठेवते."

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मग सासूबाई परत आल्या. "अठरा."

म्हणजे सत्तावीस सेंटिमीटर. लेकीने खाली उत्तर लिहिलं, सुमारे नऊ मिलिमीटर, आणि मग विचार करून कंसात लिहिलं: कौलांनी प्यायलेलं सोडून.

"आजी," ती म्हणाली, "हे पहिलं पाणी प्यायचं नाही हं. धुळीचं असतं. झाडांना घाल. आणि तोटी बंद करायला विसरू नकोस, मी शनिवारी येऊन बघते."